ऐकणाऱ्यासकट आवाज

यंत्रांचे आवाज जपून ठेवायचे म्हटलं की आपल्याकडे आधी हसूच येतं. गाणी जपा, भाषणं जपा, कीर्तनं आणि सवाल-जवाब जपा, हे कुणालाही पटतं. पण टाइपरायटरची खडखड? एसटीतली घंटी? इंटरनेट जोडताना मोडेम करायचा तो किंचाळा? गोंगाटच तो, गेला ते बरं झालं, असं म्हणणारी माणसं चूक नाहीत; बऱ्याच बाबतींत मी त्यांच्याच बाजूचा आहे. तरीही हा लेखसंग्रह वाचावा आणि त्यासोबतची ध्वनिमुद्रणं सावकाश ऐकावीत, असं मला वाटतं. का वाटतं, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

हे काम करणारे आपण काही पहिले नाही. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस सायमन फ्रेझर विद्यापीठात एक गट जमवला आणि शहराचे, बंदराचे, खेड्यांचे आवाज पद्धतशीर टिपायला सुरुवात केली. त्यांनी टिपलेले व्हँकुव्हरचे आवाज 1973मध्ये प्रसिद्ध झाले आणि 'द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड' हे पुस्तक 1977मध्ये आलं. गंमत म्हणजे शेफर मुळात गोंगाटाचे वैरी. शहरं कमी कर्कश व्हावीत म्हणून ते कामाला लागले आणि ते करता करता धुक्यात वाजणारे बंदरातले भोंगेही जपले पाहिजेत, असं म्हणू लागले. पुढे 2012मध्ये जर्मनीत 'कॉन्झर्व्ह द साउंड' हा उपक्रम सुरू झाला. त्यात डायलचे फोन, कॅसेट प्लेअर, टाइपरायटर अशा वस्तूंचे आवाज एकेक करून साठवलेले आहेत. युरोपातल्या सहा संग्रहालयांनी 2013 ते 2015 या काळात 'वर्क विथ साउंड्स' नावाने कारखान्यांतले आणि कामाच्या जागांवरचे सहाशेहून अधिक आवाज टिपले. आपल्याकडे मात्र ध्वनिसंग्रह म्हटला की संगीत, लोककला, फार तर भाषा. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या वेळी, शंभर वर्षांपूर्वी, ग्रामोफोनवर घेतलेले बोलींचे नमुने आजही ऐकता येतात. माणसाच्या तोंडून निघालं ते जपायचं, यंत्रातून निघालं ते सोडून द्यायचं, असा आपला अलिखित नियम दिसतो.

या नियमाला माझी हरकत यंत्राच्या प्रेमापोटी नाही. हरकत अशी की यंत्राचा आवाज ही बातमी होती आणि ती वाचणारी माणसं होती. आवाज टिपला आणि वाचणाऱ्याला विसरलो, तर हाती नुसता खडखडाट उरतो.

तारेचंच घ्या. सॅम्युएल मोर्सच्या यंत्राने कागदी पट्टीवर खुणा उमटवायच्या आणि तारबाबूने त्या डोळ्यांनी वाचायच्या, अशी मूळ योजना होती. पण तारघरात बसणाऱ्या पोरांनी थोड्याच वर्षांत पट्टीकडे बघणं सोडलं. यंत्राच्या खटक्यांवरून ती मजकूर थेट लिहून घेऊ लागली. वरिष्ठांना आधी हे रुचलं नाही, मग त्यातली सोय कळली, आणि पट्टी काढून टाकून नुसता आवाज करणारं यंत्र आलं, साउंडर. साउंडरमध्ये लांब सूर नसतो, आखूड सूर नसतो. पितळी दांडा खाली आपटला की एक कट्ट, वर जाऊन थडकला की किंचित वेगळा दुसरा कट्ट. या दोघांमधलं अंतर कमी असेल तर टिंब, जास्त असेल तर रेघ. म्हणजे कान आवाज ऐकत नसे, दोन आवाजांमधली जागा मोजत असे. गजबजलेल्या स्टेशनात ऐकू यावं म्हणून अमेरिकेतले रेल्वेचे तारवाले साउंडरच्या मागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा खोचत, इतकी ती कानाची नोकरी होती. सिनेमात तारघर दाखवताना पुष्कळदा 'बीप-बीप' वाजवतात. तो बिनतारी संदेशाचा आवाज आहे, तारेचा नव्हे. पण आता तोच खरा वाटतो, कारण कट्ट-कडकट्ट ऐकून चूक दाखवणारे जवळपास संपले.

आपल्याकडची तारसेवा जुलै 2013मध्ये बंद झाली. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, शेवटची तार पाठवायला लोकांनी रांगा लावल्या. पण त्या रांगेतल्या कुणाला मोर्सचा खटका ऐकू आला नाही. मधल्या काळात टेलिप्रिंटर आले होते, मग संगणक आले होते. सेवा संपल्याची तारीख आहे, आवाज संपल्याची नाही. या संग्रहातल्या बहुतेक आवाजांची हीच कथा आहे. मुंबईच्या लोकलसारखी उदाहरणं विरळ. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी 1500 व्होल्ट डीसी प्रवाहावर धावली आणि एप्रिल 2016मध्ये हार्बर मार्गावरून डीसी गेला. प्रवाह बदलला म्हणून तारीख उरली. स्टेशनात गाडी थांबताच डब्याखाली धडधडू लागणारा कॉम्प्रेसर, सुटताना जुन्या मोटरींनी काढलेला कण्हल्यासारखा सूर, हे सगळं त्या तारखेच्या आधी कधी आणि कसं विरळ होत गेलं, ते मात्र फलाटावरच्या माणसालाच विचारावं लागतं.

मोडेमचा किंचाळा हा या विषयातला सर्वांत लोकप्रिय आवाज. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हापासून ब्रॉडबँड येईपर्यंत ज्यांनी घरच्या फोनवरून इंटरनेट जोडलं, त्यांना तो आवाज आजही तोंडाने काढून दाखवता येतो. त्यात काय चाललेलं असे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. आधी डायल टोन, मग आकडे. पलीकडच्या मोडेमने फोन उचलला की 2100 हर्ट्झचा एक सरळ सूर येई. फोनवर आपलाच आवाज परत ऐकू येऊ नये म्हणून एक्स्चेंजमध्ये बसवलेली उपकरणं त्या सुराने गप्प होत, नाही तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं मोडेमला जमलं नसतं. मग दोघे आपापल्याला काय येतं ते थरथरत्या सुरांत सांगत. त्यानंतर तारेची परीक्षा: निरनिराळ्या उंचीचे सूर सोडून कुठला धड पोचतो, कुठला मार खातो, ते पाहणं. शेवटी नुसती खरखर. ती खरखर म्हणजे बिघाड नव्हे. आकडे मुद्दाम विस्कटून पाठवलेले असत, म्हणून कानाला तसं लागे. जोडणी झाली की स्पीकर आपोआप बंद. स्पीकर ठेवला होता तो फोन एंगेज लागलाय का, चुकून एखाद्याच्या घरी लागून कुणी 'हॅलो, कोण?' म्हणतंय का, ते कळावं म्हणून. पण लोक त्याहून पुढे गेले. आवाज मध्येच परत पहिल्यापासून सुरू झाला की आज लाइन खराब आहे, वेग मिळणार नाही, हे खोलीत चहा पिता पिता कळायचं. कुणी शिकवलं नव्हतं.

असं न शिकता आलेलं ऐकणं एसटीतही होतं. डबल बेल म्हणजे चला, एक बेल म्हणजे थांबा, हे सगळ्या प्रवाशांना ठाऊक. पण कंडक्टर दोरी कशी ओढतोय, सावकाश की तडातडा, यावरून मागच्या दाराशी चढणाऱ्यांची भानगड झालीय का, हे ड्रायव्हर मागे न बघता ओळखायचा. डायलच्या फोनचंही तसंच. डायल परत फिरताना सेकंदाला दहा या गतीने खटके पडत, शून्याला अख्खा सेकंद लागे, आणि शेजारच्या खोलीतून कान देऊन कुणाला फोन चाललाय हे ओळखणारी मुलं घरोघर होती. टाइपरायटरची ओळ संपण्याआधी काही अक्षरं घंटी वाजे, ती टायपिस्टची नजर मूळ कागदावरून हलू नये म्हणून. हे सगळं संग्रहात विस्ताराने आलं आहे, मी पुन्हा सांगत नाही.

यंत्रमागापाशी मात्र थांबलं पाहिजे, कारण तिथे स्मरणरंजनाची परीक्षा होते.

साधा माग म्हणजे धोट्याचा माग. आत कांडी भरलेला लाकडी धोटा, त्याला एका बाजूने फटका बसतो, तो उभ्या धाग्यांच्या मधून पलीकडच्या पेटीत जाऊन थडकतो, फणी धागा ठोकून बसवते, की लगेच उलट दिशेने फटका. फटका, थडक, ठोका. मिनिटाला शंभरावर वेळा, एका मागाचा. अशा पन्नास मागांच्या शेडमध्ये नवखा माणूस शिरला तर त्याला एकसंध गर्जना ऐकू येते. मागांची देखभाल करणारा जॉबर शिरला तर त्याला एखाद्या मागाचा फटका उशिरा बसतोय हे दारातूनच कळतं. तो सरळ त्या मागाशी जातो. इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग लागला. तेव्हापासून भिवंडी, मालेगाव, विटा, सोलापूर या गावांची झोप, जेवण, बोलणं या आवाजाने ठरवलं. मालेगावात शुक्रवारी माग बंद. त्या दिवशी गल्लीतल्या माणसांचे आवाज वेगळे वाटतात. आता बिनधोट्याचे माग आले आहेत, रेपियर, एअरजेट. त्यांचाही आवाज आहे, पण तो निराळा. धोट्याची थडक त्यात नाही.

हा आवाज जपावा का? जपावाच. पण तो गोड नव्हता. बारा बारा तासांच्या पाळ्या करणारे कामगार शेडमध्ये ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात, कारण दुसरा इलाजच नसतो. सततच्या गोंगाटाने जाणारं ऐकणं आधी 4000 हर्ट्झच्या आसपास जातं. म्हणजे बोलण्यातले स, श, च हे वर्ण पुसट होतात. माणूस आवाज ऐकतो पण शब्द निसटतो, आणि घरचे म्हणतात, 'लक्ष नसतं यांचं.' मागाच्या ठोक्यातला टोकदार भागही त्याच पट्टीत येतो. तेव्हा वीस-तीस वर्षं माग चालवलेल्या माणसाला आपल्याच मागाचं उत्तम ध्वनिमुद्रण ऐकवलं, तर आपल्याला ऐकू येतं ते त्याला ऐकू येणार नाही. गिरणीच्या भोंग्याबद्दल हळवं होऊन लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं आहे. लिहिणारे बहुधा चाळीत होते, भोंगा दुरून ऐकत होते. आत सांच्यावर उभ्या असलेल्या माणसाला तोच भोंगा म्हणजे उशीर, दंड, पाळी. मुंबईतल्या 1982च्या गिरणी संपानंतर एकेक गिरणी निकालात निघाली, भोंगे थांबले आणि हळवेपणा वाढला. संपादकांनी या संग्रहात भोंग्यावरचे दोन लेख शेजारी शेजारी ठेवले आहेत, एक चाळीतून आणि एक खात्यातून. ते त्याच क्रमाने वाचावेत.

मग जपायचं कसं, याचा धडा आपल्याला एका वेगळ्याच कामातून मिळतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्याहून गावोगाव फिरून, सहकाऱ्यांच्या मदतीने, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येकींचं पुढे ध्वनिमुद्रणही झालं. हेतू ओवी जपण्याचा होता. पण जात्यावर बसून गायलेली ओवी ऐका: खाली दगडाची घरघर आहे, दाणे टाकायला हात उचलला की ती बदलते आणि ओवीचा ठेकाही तिथेच मोकळा होतो. एक यंत्र, ते चालवणारी बाई, आणि त्या यंत्राने तिला दिलेली लय, तिन्ही एकत्र आली आहेत. पुढे गावात इंजिनाची गिरणी आली. तिची पुकपुक ऐकून 'गिरण सुरू झाली' म्हणत बाया दळणाचे डबे घेऊन निघू लागल्या. मग विजेची मोटर आली आणि पुकपुकही गेली. जात्याची घरघर ओवीमुळे वाचली. पुकपुकीवर कुणी गायलं नाही, म्हणून ती जवळजवळ गेलीच.

जतन करताना घोटाळे कसे होतात, त्याचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. एदुआर-लेओं स्कॉट द मार्तिनविल या फ्रेंच माणसाने 1860मध्ये काजळी लावलेल्या कागदावर आवाजाची रेघ काढली. ती परत वाजवायची सोय त्याच्याकडे नव्हती, तसा विचारही नव्हता. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2008मध्ये संगणकाच्या साहाय्याने ती वाजवली, तेव्हा एखादी मुलगी गातेय असं वाटलं. जगभर बातमी झाली. वर्षभराने कळलं की वेग दुप्पट लागला होता. गाणारा पुरुष होता, बहुधा स्कॉट स्वतःच. त्याने शेजारी ट्यूनिंग फोर्कची रेघ काढून ठेवली होती, पण फ्रेंच लोक तेव्हा कंपनं अर्धी अर्धी मोजत, हे हिशेबात धरलं गेलं नव्हतं. एक नोंद नीट वाचली गेली नाही आणि पुरुषाची मुलगी झाली.

म्हणून या संग्रहाच्या शेवटी दिलेलं तांत्रिक टिपण कुणी कंटाळवाणं म्हणून गाळू नये. हातातल्या मोबाइलने आवाज टिपणं सोपं आहे, पण मोबाइलचा कल माणसाचं बोलणं उचलण्याकडे असतो. एकसारखी घरघर म्हणजे अडथळा, असं समजून पुष्कळ मोबाइल ती आपोआप दाबतात आणि मोठा आवाज आला की पातळी खाली ओढतात. आपल्याला नेमकं जे हवंय तेच ते पुसून टाकतात. ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान 48 किलोहर्ट्झ, 24 बिट अशी आहे, आणि फाइल न दाबलेली वेव्ह. यंत्र सुरू होण्याआधी मुद्रण सुरू करावं आणि ते पूर्ण थांबेपर्यंत बंद करू नये. जडचाक वेग घेताना आणि सोडताना जे ऐकू येतं ते मधल्या चालीत कधीच ऐकू येत नाही. रिकामं इंजिन आणि ओझ्याखालचं इंजिन यांचा सूर वेगळा, बीम लावलेला माग आणि मोकळा माग वेगळा. तेव्हा काय चालू होतं, किती लांबून टिपलं, ते लिहून ठेवावं. आणि टिपलेलं एकाच ठिकाणी ठेवू नये. चुंबकीय फितींवरचे संग्रह वाजवणारी यंत्रंच जगातून संपत चालली आहेत, असा इशारा युनेस्को आणि याच संघटनेने मिळून काही वर्षांपूर्वी दिला आहे. आवाज ज्यात ठेवला तेही एक दिवस जुनं यंत्रच होतं.

रेडिओवरच्या लेखाशी माझा थोडा मतभेद आहे. लेखकाने रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेच्या आठवणी छान लिहिल्या आहेत. गाण्यांची स्वच्छ केलेली रूपं आज सहज मिळतात म्हणून समाधानही मानलं आहे. मला ते पुरत नाही. कोलंबोहून लघुलहरींवर निघालेला तो आवाज वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून, एकाहून जास्त वाटांनी आपल्या घरी पोचायचा. वाटा जुळल्या की गाणं भरून यायचं, एकमेकींना छेद गेला की बुडायचं. बुधवारी रात्री आठ वाजता घरातलं कुणीतरी बटणाला हात लावून बसलेलं असायचं, केसभर इकडे, केसभर तिकडे. निवेदक अमीन सयानींचा आवाज आपण त्या चढ-उतारासकट ऐकला. स्वच्छ प्रतीत गाणं वाचलं आहे, ऐकणं नाही. जुन्या टेपवर कुणी त्या खरखरीसकट कार्यक्रम उतरवून घेतला असेल, तर ती टेप 'खराब आहे' म्हणून टाकू नये.

दुसरी तक्रार संपादकांकडे. घरात बाया चालवत असलेली यंत्रं या संग्रहात फार कमी आली आहेत. पायडलचं शिलाई मशीन एका परिच्छेदात संपतं. पट्टा सैल झाला, सुई बोथट झाली, खाली बॉबिन संपत आली, हे सगळं आवाजावरून ओळखणाऱ्या बाया अजून प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याशी बोलायला कुणी गेलेलं दिसत नाही. पुढच्या आवृत्तीत ही उणीव भरून निघावी.

वाचकांना एकच सांगणं. धोट्याचे माग अजून चालू आहेत, पायडलची मशीनं चालू आहेत, कुठे कुठे जुनं ऑइल इंजिन अजून विहिरीवर लागतं. तुमच्या ओळखीत असं यंत्र असेल तर ते भंगारात जाण्याआधी टिपा. टिपून झालं की मुद्रण तसंच चालू ठेवा आणि ते चालवणाऱ्याला विचारा, की बाबा, यात तुम्हाला काय काय ऐकू येतं. तो सांगेल ते तोडू नका, सुधारू नका. त्याच फाइलमध्ये, त्याच्याच बोलीत राहू द्या.